माझी पाठ दुखत नव्हती

"शर्ट काढ."

मोठे सर माईकमध्ये म्हणाले. त्यामुळे ते दोन शब्द अख्ख्या मंगल कार्यालयाला ऐकू गेले. मागच्या बाजूला बुंदीची पातेली उतरवणाऱ्या आचाऱ्यांनासुद्धा.

मी स्टेजवर उभा होतो. जुन्नरमधलं मंगल कार्यालय. आदल्या दिवशी तिथं कुणाचं तरी लग्न झालं होतं. मागच्या पडद्यावरची थर्माकोलची नावं अर्धीच काढली होती. नवरा-नवरीच्या खुर्च्या बाजूला सरकवून मधोमध उपचाराचं टेबल ठेवलं होतं. निळ्या रेक्झिनचं. खाली डॉक्टर मंडळी, आमच्या कॉलेजची मुलं, पाहुणे. शेवटून दुसऱ्या रांगेत माझे वडील.

मला वाटलं होतं, मला हार घालणार आहेत.

आमची संघटना फिजिओथेरपी आणि ऑस्टिओपॅथी करणाऱ्यांची. औषध न देता हातानं सांधे, मणके, स्नायू मोकळे करायचे, ती विद्या. संघटनेची एक विद्यार्थी शाखा आहे आणि तिचा अध्यक्ष म्हणून मी निवडून आलो होतो. त्या दिवशी पदग्रहण होतं. म्हणजे कोटाला संघटनेची पिन लावायची, हार घालायचा, दोन मिनिटं बोलायचं. माझ्याकडे कोट नव्हता, म्हणून पिन शर्टाला लावतील असं मी धरून चाललो होतो. आणि मोठे सर मला शर्टच काढायला सांगत होते.

"अरे लाजतोस काय मुलीसारखा? आपण डॉक्टर लोक. इथं कुणाला कुणाची लाज नसते."

लोक हसले.

मोठे सर म्हणजे आमच्या भागातल्या संघटनेचे अध्यक्ष. त्यांचं क्लिनिक नारायणगावात, दुमजली. ते परदेशात जाऊन ऑस्टिओपॅथीचा कोर्स करून आले होते आणि त्या दिवशी नवं तंत्र दाखवणार होते. त्यांचा मुलगा पुष्कर माझ्याच वर्गात. तो माईकशेजारी कोट घालून उभा होता. कुणाला कुणाची लाज नसते हे खरं असतं, तर त्यानं कोट काढला असता. त्याला कुणी सांगितलं नाही.

दारातच तो मला म्हणाला होता, "भाऊ, कार्यक्रम थोडा बदललाय. आधी डेमो, मग पदग्रहण. तू वरच थांब. मॉडेल तूच आहेस."

"मी?"

"मग कोण? तुझ्यासारखी पाठ कुणाची आहे राव?"

मी शर्ट काढला. नवा होता. वडिलांनी मंचरच्या बाजारातून आणलेला. घडीच्या रेषा तशाच होत्या. कुठं ठेवावा कळेना. नवरीच्या खुर्चीच्या हातावर ठेवला.

आम्ही डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाचे. महादेव कोळी. भात, नाचणी, वरई. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करायचा, वाळवायचा, विकायचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही. मी आश्रमशाळेत शिकलो, नंतर घोडेगावला वसतिगृहात राहून. शाळेत असताना हिरड्याच्या झाडावरून पडलो आणि पाठीच्या मणक्याला चीर गेली. पट्टा बांधून झोपून होतो. सरकारी दवाखान्यात एक ताई यायच्या. त्यांनी मला आधी कुशीवर वळायला शिकवलं, मग बसायला, मग उभं राहायला. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, पण मला काय व्हायचंय ते त्यांच्याकडे बघून ठरलं. त्यांचे उपकार मी मानतो. आश्रमशाळेच्या गुरुजींचे मानतो. वसतिगृहाच्या अधीक्षकांचे मानतो, त्यांनी मला सुट्टीतसुद्धा खोली उघडून दिली. हे आधीच लिहून ठेवतो. कारण पुढं मला कृतघ्न म्हटलं गेलं.

पहिल्या वर्षाला आम्हाला एक मॅडम होत्या. पहिल्याच प्रॅक्टिकलला त्यांनी टेबलाकडे बोट दाखवून सांगितलं, "इथं जो झोपेल त्याला आधी तुमचं नाव सांगा. काय करणार ते सांगा. आधी काही लागलंय का ते विचारा. मग विचारा, हात लावू का? तो हो म्हणेपर्यंत हात खिशात."

हे मला फार आवडलं होतं. आमच्या गावात दवाखान्याची माणसं येतात ती थेट बाही वर करतात. दंड धरतात. डोळ्याची पापणी ओढतात. विचारतं कोण? मला वाटलं, आपण अशा जागी आलो जिथं आमच्या माणसालाही विचारतील.

प्रॅक्टिकलला एकानं टेबलावर झोपायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या अंगावर शिकायचं. त्याला आम्ही मॉडेल म्हणतो. पद्धत अशी की प्रत्येकानं पाळीपाळीनं मॉडेल व्हायचं. दाबल्यावर कुठं दुखतं, अनोळखी हात कसा लागतो, हे ज्याचं त्याला कळावं म्हणून. पहिल्या वर्षी पाळ्या लागल्या. दुसऱ्या वर्षी हळूहळू बंद झाल्या. पुष्कर आणि त्याचे मित्र सांगायचे, आज जिम झालीय, आज अंग आखडलंय. मुलांच्या बाजूला टेबल रिकामं दिसलं की कुणीतरी माझं नाव घ्यायचं. "ये रे, तुझे स्नायू कसे सुटे सुटे दिसतात." मला ती शाबासकी वाटायची. मी झोपायचो. तोंडाखालच्या भोकातून फरशी दिसायची. पाच-सहा जण एकाच जागी अंगठा रोवायचे. विचारायचं कुणी नाही. माहितीतलाच माणूस, त्याला काय विचारायचं?

मी तेव्हा सगळ्यांचा आभारी होतो. सगळ्यांनाच धन्यवाद म्हणत फिरायचो. अंगठा काढला तरी धन्यवाद.

विद्यार्थी शाखेचं काम मी मनापासून केलं. सभासद झालं की कार्यशाळांना बसता येतं, मोठ्या डॉक्टरांचं काम जवळून बघता येतं, पुढं नोकरीला ओळख होते. शहरातल्या मुलांना हे घरबसल्या कळतं. वसतिगृहातल्या मुलांना कोण सांगणार? मी खोलीखोलीत जाऊन सांगितलं. पुष्कळ जण सभासद झाले. मग अध्यक्षपदाची निवडणूक आली आणि शीतल म्हणाली, "तूच उभा रहा." शीतल आणे गावची. पठारावरची पोर, तोंडानं फटकळ.

पुष्करही उभा होता. त्यानं मला कॅन्टीनमध्ये गाठलं.

"तू सचिव हो ना राव. सचिवाला काम असतं, तू राबतोस मस्त. अध्यक्षाला बोलावं लागतं. स्टेजवर जाऊन 'व्हतं' आन् 'न्हाई' करशील, हसतील लोक."

शीतल शेजारच्याच टेबलावर होती. ती म्हणाली, "हसू देत की. तुझ्या इंग्रजीला आमी रडतो का?"

वर्गात हात वर करून मतदान झालं. मी आलो. घरी सांगितलं तेव्हा वडिलांना अध्यक्ष म्हणजे काय ते नीट कळलं नाही. "कारखान्याला असतो तसा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तसाच, लहान." त्यांनी गावात सगळ्यांना सांगितलं. भाताची कामं टाकून, धुतलेली टोपी घालून, पहाटेच्या एसटीनं ते जुन्नरला आले. मुलाला हार घालताना बघायला.

तर मी टेबलावर पालथा झोपलो. तोंड भोकात. खाली लाल कार्पेट आणि मोठ्या सरांचे बूट.

सरांचा हात पाठीवर पडला. थंड. नाव नाही, विचारणं नाही.

"ही पाठ बघा," सर म्हणाले. "ही जिममधली नाही. पिढ्यान्पिढ्या डोक्यावर ओझं वाहिलेल्या लोकांची पाठ आहे ही. आपली पोरं लॅपटॉपनं वाकली. हे लोक वाकत नाहीत. आणि गंमत सांगतो, यांना दुखतही नाही. दुखलं तरी सांगायची पद्धत नाही त्यांच्यात."

हशा. पुन्हा हात फिरला. बैलबाजारात बैलाच्या पाठीवर फिरतो तसा. मी बैलबाजार पाहिलेला आहे, म्हणून लिहितो.

"आता मी याच्या मधल्या मणक्यांना एक झटका देणार आहे. कट् असा आवाज येईल. मागच्यांनासुद्धा ऐकू येईल."

मधले मणके. जिथं चीर गेली होती तेच. अशा जुन्या दुखापतीवर आधी तपासल्याशिवाय झटका देत नाहीत, हे आम्हाला शिकवलेलं. मी मान उचलली.

"सर, माझ्या मणक्याला आधी..."

"बोलू नकोस. माईक पकडतो."

खालून शीतल ओरडली, "सर, त्याला जुनं लागलेलं आहे! त्याची हिस्ट्री विचारा!"

"हिस्ट्री सगळ्यांनाच असते बेटा," सर म्हणाले. पुन्हा हशा. सगळ्यात मोठा.

तेवढ्यात पुष्कर माईकवर आला. "डॅड, याचे फादर पण आलेत. तिकडं मागं बसलेत."

"अरे वा! मग तर फारच छान. कुठायत? उठा हो पावणं! या, या वर. बापलेकाची पाठ शेजारी शेजारी दाखवू या लोकांना."

भोकातून मला काही दिसत नव्हतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि वडिलांचा आवाज. "आलो, आलो साहेब."

मी डोकं वर काढलं.

दादा, म्हणजे माझे वडील, मधल्या वाटेनं येत होते. टोपी काढून हातात घेतलेली. दुसऱ्या हातानं सदऱ्याचं वरचं बटण सोडत होते. आणि हसत होते. दोन्ही बाजूंच्या लोकांना मान लववत येत होते. त्यांना वाटलं असावं, सत्कार असाच असतो.

मी टेबलावरून खाली उतरलो.

"दादा, बटण लावा. मागं जाऊन बसा."

ते जागीच थांबले. बघायला लागले, माझ्याकडे, मग सरांकडे.

"झोप, झोप," सर म्हणाले. "झालं नाही अजून."

"हात लावायच्या आधी विचारायचं असतं, सर."

माईक त्यांच्या गळ्याशी होता. माझा आवाज सगळीकडे गेला. मला स्वतःलाच दचकायला झालं.

"काय?"

"पहिल्या वर्षाला शिकवतात. तुम्ही मला विचारलं नाही. माझ्या वडिलांनाही विचारलं नाही."

कुणी हसलं नाही. पुष्कर माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "भाऊ, ड्रामा नको हां. लोकं बघतायत."

"बघू दे. मघापासून बघतच होते."

मी शर्ट घातला. वरचं बटण खालच्या काजात गेलं. तसाच स्टेजवरून उतरलो, दादांच्या दंडाला धरलं आणि बाहेर पडलो. मागं सर माईकमध्ये म्हणाले, "चला, भावनाप्रधान मंडळी आहेत. दुसरं कुणी येतंय का?" दुसरं कुणी आलं का ते मी पाहिलं नाही.

जुन्नरच्या स्टँडवर आम्ही बाकड्यावर बसलो. दादांनी टोपी पुन्हा घातली.

"जेवान व्हतं ना तिथं?"

"होतं."

"साहेब रागावलं का?"

"हो."

"तुला हार घालायचा म्हनला व्हतास ना?"

"हो दादा."

"मंग कापडं कशापाई काढायला लावली?"

घोडेगावची गाडी लागली. आम्ही चढलो. गाडी सुटल्यावर ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मला बी काढायला लावनार व्हतं का?"

"हो."

घोडेगाव आल्यावर, उतरता उतरता म्हणाले, "माफी मागून टाक. मोठी मान्सं हायती. तुजं शिक्षान पुरं व्हऊ दे."

मी त्यांच्यावर चिडलो नाही. त्यांना गावच्या गाडीत बसवून देताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. दादा हसत होते. बटण सोडताना ते हसत होते. तसाच मीही हसत आलो होतो, प्रत्येक प्रॅक्टिकलला, प्रत्येक वेळी. आम्हाला बोलावलं याचाच आनंद आम्हाला इतका व्हायचा की कशासाठी बोलावलं ते बघायचंच राहायचं. माझ्या आभारी असण्याचा त्यांनी हाच उपयोग केला होता. त्या दिवशी माझं आभारी असणं संपलं.

चार-आठ दिवसांनी मोठ्या सरांच्या क्लिनिकवरून बोलावणं आलं. वरच्या मजल्यावर संघटनेची कमिटी बसली होती. सर, आणखी काही डॉक्टर, पुष्कर. आणि आमच्या पहिल्या वर्षाच्या मॅडम. त्याही कमिटीवर होत्या.

सरांनी मला खुर्ची दिली. चहा दिला. आवाज मऊ.

"मी मनात ठेवत नाही. तरुण रक्त आहे. आणि मला नंतर कळलं, तुझ्या मणक्याला खरंच जुनी दुखापत आहे. आधी सांगायचंस ना बाळ."

सांगायला गेलो होतो, तेव्हा माईक पकडत होता.

"तर असं करू. तू दोन ओळी लिहून दे. डेमोच्या वेळी पाठीत अचानक कळ आली म्हणून उठलो. त्यातून गैरसमज झाला. दिलगीर आहे. बस. मी ते सगळ्यांना वाचून दाखवतो आणि विषय संपला. अध्यक्षपद तुझंच राहील. पिन मी स्वतः लावतो."

"सिंपल आहे राव," पुष्कर म्हणाला. "कुणाचाच इगो दुखावत नाही."

मी म्हटलं, जरा विचार करतो. बाहेर व्हरांड्यात आलो. मागोमाग मॅडम आल्या. त्यांनी आजूबाजूला बघितलं.

"तू बरोबर होतास," त्या म्हणाल्या.

"मग आत का नाही बोललात, मॅडम?"

"मला इथंच राहायचंय, इथंच काम करायचंय. तुलाही. ऐक माझं, लिहून टाक. अध्यक्ष राहिलास तर चार चांगली कामं करशील. नाहीतर पुष्कर होईल, मग काय होणार आहे तुला माहितीये."

ते खोटं नव्हतं. मला ते पद हवं होतं. खरंच हवं होतं. मला मॉडेलच्या पाळ्या परत सुरू करायच्या होत्या. आमच्या भागात शाखेची शिबिरं होतात, तिथं मुलं आमच्या म्हाताऱ्या माणसांवर हात साफ करून घेतात, ते बंद करायचं होतं. दोन ओळी लिहिल्या की हे सगळं हातात येणार होतं. आणि कारणही फुकटचं, तयार. मणक्याला चीर गेलेली खरीच होती. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

पण मग त्या दिवशी जे झालं ते काय झालं असतं? एका पोराची पाठ दुखली. एवढंच. दादा मधल्या वाटेनं आलेच नसते. बटण सोडलंच नसतं. मला कुणी बैलासारखं दाखवलंच नसतं. माझ्या पाठीनंच मला खोटं पाडलं असतं. आणि मी ज्या खुर्चीवर बसून नियम सांगणार होतो, ती खुर्ची त्या खोट्यावर ठेवलेली असती. सरांना ते माहीत असतं. मलाही.

मी आत गेलो. उभाच राहिलो.

"सर, माझी पाठ दुखत नव्हती."

"मग काय दुखत होतं?" त्यांनी हसून इतरांकडे बघितलं.

"काही दुखत नव्हतं. राग आला होता. राग आला म्हणून उठलो. लिहायचं तर एवढंच लिहीन."

चहाचा कप कुणीतरी खाली ठेवला. सरांचा मऊ आवाज गेला.

"तुम्हाला सवलतीनं आत घेतलं. फी माफ. वसतिगृह फुकट. आम्ही स्टेजवर बोलावलं, मान दिला. आणि आता आम्हाला शिकवणार तुम्ही?"

मघाशी मी बाळ होतो. आता तुम्ही झालो. हा तुम्ही मानाचा नव्हता. त्यात माझा बाप होता, माझं गाव होतं, डिंभ्याच्या वरची सगळी माणसं होती.

"माझी फी सरकारनं भरली, सर. तुम्ही नाही."

"बाहेर हो."

मॅडम टेबलाकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी शाखेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलं: शिस्तभंगामुळे अध्यक्षाची निवड रद्द, पुष्करची नेमणूक. खाली अंगठे आणि फुलांचे गुच्छ. ज्यांनी माझ्यासाठी हात वर केले होते, त्यांतल्याही काहींचे. शीतलनं लिहिलं, "निवडून आलेल्याला काढायला मतदान कधी झालं?" तिला ग्रुपमधून काढलं.

ती मला म्हणाली, "चल, दोघंही राजीनामा देऊ. थुंकते मी असल्या संघटनेवर."

मी म्हटलं, नाही. पुष्करही तेच सुचवत होता, फक्त गोड भाषेत. "कशाला त्रास करून घेतोस भाऊ, सोडून दे ना सभासदत्व." ज्या अर्थी त्यांना मी जायला हवा होतो, त्या अर्थी मी जायचं नव्हतं. शीतल चिडली, दोन दिवस बोलली नाही. मग राहिली.

पुढच्या प्रॅक्टिकलला टेबल रिकामं झालं आणि कुणीतरी सवयीनं माझं नाव घेतलं. मी टेबलाशेजारी उभा राहिलो. झोपलो नाही.

"काय रे?" शिकवणाऱ्या सरांनी विचारलं.

"माझ्या पाळ्या झाल्या, सर. बाकीच्यांच्या राहिल्यात."

कुणी पुढं आलं नाही. सरांनी घड्याळ बघितलं. पोरं मोबाईल बघायला लागली. मी तसाच उभा. त्या दिवशी प्रॅक्टिकल झालं नाही. त्याच्या पुढच्या वेळीही मी झोपलो नाही. परीक्षा तोंडावर होती, मग सरांनी हजेरीच्या क्रमानं पाळ्या लावल्या. पुष्कर झोपला. त्याच्या गटात मी होतो.

मी त्याला माझं नाव सांगितलं. काय करणार ते सांगितलं. आधी काही लागलंय का, विचारलं. मग विचारलं, "हात लावू का?"

तो बोलेना. तोंड भोकात. मानेवर लाली चढली होती. मी हात खिशात ठेवून उभा राहिलो. सगळा वर्ग बघत होता. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "हो." तेव्हा मी हात लावला. नीट लावला. कुठंही जास्त दाबलं नाही.

मी पास झालो. इंटर्नशिप झाली. आता घोडेगावला एका दवाखान्यात काम करतो. आठवड्यातून एकदा वर गावाकडं जातो. दादांना अजून वाटतं, मी तेव्हा माफी मागायला हवी होती. "झालं असतं की सगळं गोडीत," ते म्हणतात. आम्ही त्यावर भांडत नाही. मी त्यांना पटवायला जात नाही.

पास झाल्यावर विद्यार्थी सभासदत्व संपतं आणि पूर्ण सभासदत्वासाठी अर्ज करावा लागतो. माझा अर्ज अडकवून ठेवला. एकदा म्हणाले कमिटी बसली नाही, एकदा म्हणाले साहेब बाहेरगावी आहेत. मी जात राहिलो. त्या दुमजली क्लिनिकच्या पायऱ्या चढत राहिलो, बाकावर बसत राहिलो. आत येणारे-जाणारे रुग्ण विचारायला लागले, "तुमचं काय दुखतंय?" शेवटी दिलं. न देण्याचं कारण त्यांच्याकडे नव्हतं.

आता आमच्या भागाच्या कमिटीची निवडणूक आहे. विद्यार्थी शाखेची नाही, खरी. मी अध्यक्षपदाला अर्ज भरलाय. मोठे सर पुन्हा उभे आहेत. आजवर त्यांच्या विरोधात कुणी उभं राहिलेलं नाही.

परवा त्यांचा फोन आला.

"अरे, कशाला उगाच? तुझी हुशारी आम्ही बघतोय. आपण एक नवीन जागा काढू, आदिवासी भागाचा प्रतिनिधी. बिनविरोध तू. तिकडची शिबिरं तूच बघ."

"मला तिकडचंच नाही बघायचं, सर. येडगावचं, आण्याचं, निरगुडसरचंही बघायचंय. नारायणगावचंही."

"म्हणजे आमचा अध्यक्ष व्हायचंय तुला?"

"तुम्ही सभासद आहात ना? मग तुमचाही."

त्यांनी फोन ठेवला.

मी बहुतेक हरेन. डॉक्टर मंडळी एकमेकांना पेशंट पाठवतात, एकमेकांच्या पोरांच्या लग्नात पंगतीला बसतात. मला मत द्यायला त्यांना बरंच काही तोडावं लागेल. मॅडमचं मतही मला मिळेल असं मी धरलेलं नाही. शीतल म्हणते, तिचं एक पक्कं आहे. ते धरलंय.

सभेत उमेदवाराला बोलायला वेळ देतात. मी बोलणार आहे. जुन्नरला काय झालं ते सगळ्यांची नावं घेऊन सांगणार आहे, सरांच्या तोंडावर. मी बोलतो तसंच बोलणार आहे. आणि शिबिराचा एक ठराव मांडणार आहे: आमच्या माणसानं हो म्हटल्याशिवाय त्याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. ज्यांना तो नामंजूर आहे त्यांनी माझ्यासमोर, सगळ्यांदेखत हात वर करून नामंजूर म्हणावं. कोण कोण हात वर करतंय ते मी उभा राहून बघणार आहे.

पाडला तर पुढच्या सभेत पुन्हा मांडीन. अर्ज मागं घ्यायची मुदत उद्या संपतेय. मी घेणार नाही.